गोड बोलणारी बाय

माझा आवाज मालवणच्या मासळीबाजारातून पार जेटीवर ऐकू जायचा, असं लोक म्हणायचे. आणि ते काही कौतुकानं म्हणत नसत. "इली बघ ती," असं पोरं एकमेकांना सांगायची ती मला बघून नव्हे, ऐकून. राग नाकाच्या शेंड्यावर, जिभेला हाड नाही, आणि मनात एक ओठावर एक हा प्रकार माझ्याकडे औषधालाही नव्हता. आज मी हळू बोलते. इतकं हळू की काउंटरमागचा माणूस "जरा मोठ्यानं बोला हो मावशी" म्हणतो. लोकांना वाटतं, वयानं समज आली. वयानं कसली येते? मी ती मेहनतीनं आणली. आणि ती आणता आणता माझी आई मला ओळखेनाशी झाली, ते सांगायला बसले आहे.

आई मासेवाली, मीही मासेवाली. दोघी शेजारी शेजारी बसायचो, पण पाट्या वेगळ्या. माझं लग्न झाल्यावर तिनंच तसं केलं. "तुजो संसार वेगळो, तुजी पाटी वेगळी," म्हणाली. सकाळी किनाऱ्यावर होडी लागली की लिलावात आम्ही एकमेकींवर बोली चढवायचो, आणि मग एकाच रिक्षात पाट्या टाकून बाजारात यायचो. रिक्षात तीच मला चहा पाजायची.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. ती बाहेरच्याला कळायची नाही. बाजार थंड असला की आई भांडण लावायची. एखादी बाई माझ्या पाटीपुढे उभी राहून बांगडा दाबून बघू लागली की आई शेजारून तिच्यावर ओरडायची, "हात लाव नको गो तेका! कालचो बांगडो तो!"

झालं. मी उठून उभी. "कालचो? आये, डोळे फुटले काय तुजे?"

"माजे डोळे बरे आसत. तुजी अक्कल फुटली!"

"तुज्या पेडव्यांक मांजार पण इचारणा नाय, नि माका सांगतंस?"

लोक थांबायचे. मायलेकी भांडतायत म्हटल्यावर कोण पुढे जाईल? दोन्हीकडचे मासे उचलून, हुंगून, डोळे बघून लोक न्याय करू लागायचे. न्याय करता करता एक माझ्याकडून घ्यायची, दुसरी तिच्याकडून. पाट्या हलक्या झाल्या की आई पदरानं तोंड पुसून हळूच म्हणायची, "बस आता. गिराईक गेला." की भांडण खलास.

पण ते सगळंच नाटक होतं असं म्हणाल तर चुकाल. त्या खोट्या भांडणात आम्ही खरं बोलून घ्यायचो. माझे वडील लवकर गेले, ती एकटी माझ्यासाठी राबली, हे तिनं मला घरात कधी ऐकवलं नाही. बाजारात ऐकवलं, भर गिऱ्हाइकांत, "रगात आटवलंय हिच्यासाठी नि ही माज्या तोंडाक तोंड देता" म्हणून. आणि मला दहावीनंतर शिकायचं होतं, तू माझ्या डोक्यावर पाटी ठेवलीस, हे मीही तिला तिथंच सुनावलं. लोक हसत होते. आम्ही दोघी हसत नव्हतो. त्या दिवशी "गिराईक गेला" म्हणायला तिला जरा वेळ लागला, आणि रिक्षात तिनं चहाबरोबर मला खाजंही घेऊन दिलं. आमच्यात माया ही अशीच चालायची. गळ्यात पडणं आमच्या घरात कोणाला जमलंच नाही.

मग माझ्या मुलाचं लग्न झालं. तो ओरोसला कचेरीत कामाला, रोज एसटीनं जाऊन येऊन. सूनही ओरोसचीच, सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेली. मुलगी शांत. इतकी की घरात आहे की नाही ते बघायला मला आत जावं लागायचं. माझा नवरा ट्रॉलरवर, बहुतेक दिवस समुद्रातच. म्हणजे घरात आम्ही दोघीच, आणि संध्याकाळी भांडायला येणारी माझी आई. तिचं घर आमच्या आळीच्या टोकाला.

एका संध्याकाळी आई आली आणि अंगणातच आमची जुंपली. कशावरून ते आता आठवतही नाही, बर्फावरून असेल. आवाज चढले. मी पाणी प्यायला आत आले तर सून ओट्याशी उभी. हातात ताट, ताटात वाट्या, आणि त्या वाट्या खडखडत होत्या. तिचे हात थरथरत होते.

"काय गो? काय झाला?" मी विचारलं. तेही माझ्या नेहमीच्या आवाजात. ती भिंतीला चिकटली.

नंतर, बऱ्याच वेळानं, ती एवढंच बोलली. "आमच्याकडे बाबांचा आवाज चढला की पाठोपाठ हात उठायचा, आई. मला माहितीय, तुमच्याकडे तसं नाहीय. पण हातांना नाही कळत."

हातांना नाही कळत. मी आयुष्यात कोणावर हात उगारला नाही. पण माझ्या घरात एक पोर भिंतीला चिकटून उभी राहते, आणि कारण कोण, तर मी! मला माझीच लाज वाटली.

आमच्या शेजारी एक टीचर राहतात. ख्रिश्चन आहेत. गोव्याला माहेर, मालवणात सगळी नोकरी केली, आता निवृत्त. त्यांचं नाव आळीत कोणी घेत नाही, सगळ्यांच्या त्या टीचर. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही. इतक्या वर्षांत वर्गातली पोरं कशी गप्प बसवली असतील, देव जाणे. मी त्यांच्याकडे गेले आणि सरळ विचारलं, "टीचर, राग कसो गिळतास तुमी?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "गिळत नाय गो. तोंडात लवंग धरतंय. ती तिखट लागता, जीभ थयसर गुंतता. तेवड्यात राग अर्दो होता." आणि आतून लवंगांची पुडी आणून माझ्या हातावर ठेवली.

हसाल तुम्ही. मीही हसले होते. पण मी ते केलं. राग आला की लवंग दातांत. सुरुवातीला तर दिवसभर तोंडात लवंगच, जीभ बधिर व्हायची, जेवणाची चव जायची. कितीदा लवंग थुंकून मी भडाभडा बोलले आणि मग रात्रभर स्वतःला बोल लावत बसले. पण हळूहळू जमत गेलं. सून माझ्याजवळ येऊन बसू लागली. केस विंचरताना माहेरचं काहीबाही सांगू लागली. एकदा मी पाठीमागून हाक मारली तर ती दचकली नाही, नुसतं वळून "ओ" म्हणाली. त्या "ओ"साठी मी अजून कितीही लवंगा चावल्या असत्या.

बाजारात मात्र माझी चेष्टा सुरू झाली. "हिका कोणी मोहिनी घातली काय?" "मुकी झाली गो बाय!" धंद्यावर परिणाम झालाच. मिळमिळीत बोलणाऱ्या बाईच्या पाटीशी कोण थांबतं? पण त्याचं मला काही वाटलं नाही. मला लागलं ते आईचं.

तिनं नेहमीसारखं ओरडून सुरू केलं, "हात लाव नको तेका! कालचो तो!" आणि मी लवंग दाताखाली धरून गिऱ्हाइकाला म्हटलं, "ताजे आहेत ताई. बघून घ्या." आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. परत ओरडली. मी परत गप्प. तिचा आवाज बाजारात एकटाच लोंबकळत राहिला. शेवटी ती खाली बसली आणि म्हणाली, "दाढ दुकता काय गो तुजी?"

मी तिला समजावलं. सुनेचं सांगितलं, लवंगेचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. सुनेसाठी जीव हळहळला तिचा, नाही असं नाही. त्या दिवसापासून आमच्या अंगणात तीही हळू बोलू लागली. पण रिक्षात बसल्यावर म्हणाली, "सुनेसाठी केलंस ता बरा केलंस. पण माज्याशी कित्याक गोड बोलतंस? माका परकी केलंस तू."

"असं कसं आये? राग सोडायचा म्हटल्यावर सगळ्यांशीच सोडायला हवा ना?"

"सगळे आनी मी एकच काय?"

मला तेव्हा ते म्हातारीचं रुसणं वाटलं. मी सुधारत होते ना! सुधारणाऱ्या माणसाला आपल्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. मला वाटायचं, राग म्हणजे माशाच्या अंगावरची खवलं. खरवडून टाकली की मासा स्वच्छ. मासे साफ करण्यात माझा जन्म गेला, तरी हे लक्षात आलं नाही की खवलं-कातडी काढून डोकं उडवलेला मासा कुठला, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही.

पुढच्या पावसाळ्यात, होड्या वर ओढून ठेवल्या होत्या तेव्हा, आई अंगणात पडली. ओरोसला दवाखान्यात नेलं. मेंदूत गुठळी निघाली. जीव वाचला, उजवी बाजू जरा सैल पडली, बोलणं मात्र शाबूत राहिलं. घरी आणायचं म्हणजे माझ्याच घरी, दुसरं कोण होतं तिला? ओटीवर खाट टाकली, तिथून रस्ता दिसतो.

पहिले दिवस ती कोणालाच नीट ओळखत नव्हती. मग हळूहळू ओळखू लागली. माझ्या मुलाला ओळखलं. सुनेला ओळखलं, "माज्या नातवाची बायल" म्हणून. कुंपणापलीकडच्या टीचरना ओळखलं. माझा नवरा सुट्टीवर आला तेव्हा "जावंय इलो" म्हणून डोक्यावर पदर घेतला. आणि मी? मी तिला सकाळी तोंड धुवायला देत होते, वेणी घालत होते, भरवत होते, कुशीवर वळवत होते. मी जवळ गेले की ती अवघडून हसायची आणि म्हणायची, "देव तुमचा बरा करो, बाय. तुमी खंयच्या?"

पहिल्यांदा मला वाटलं, थट्टा करते. मग वाटलं, उद्या ठीक होईल. तिनं मला "लवंगवाली बाय" असं नाव ठेवलं, माझ्या तोंडाला वास यायचा म्हणून. आल्यागेल्याला सांगायची, "ही बाय माजा सगळा करता. खूप गोड बोलता. असली माणसा आता खंय गावतत?" आणि मग आवाज उतरवून लेकीचं काढायची, "माजा चेडू मात्र येवक नाय. ती तापट आसा, पण अशी रवाची नाय. काय तरी झाला तिका." रस्त्याकडे बघत राहायची.

मी तिच्यासमोर बसून सांगायचे, "आये, मीच गो. मी तुजा चेडू." ती माझ्याकडे दयेनं बघायची. माझा हात थोपटायची. एकदा म्हणाली, "बाय, तुमी माजा मन राखतास. पण माजा चेडू असा बोलणा नाय."

काय सांगू काय वाटायचं! बाहेर पडवीत जाऊन मी रडायचे. आयुष्यभर ज्या तोंडासाठी लोकांनी मला नावं ठेवली, त्या तोंडावरूनच तिनं मला ओळखलं असतं. आणि ते तोंड मी घालवून बसले होते. चांगल्यासाठीच घालवलं ना? मग ही शिक्षा कसली?

एक दिवस मात्र ते घडलं. पाऊस सरला होता, रापणीची जाळी किनाऱ्याला लागत होती. मी सकाळपासून किनाऱ्यावर उभी राहिले, जाळं ओढताना स्वतः हात लावला, आणि शेपटी अजून उडत होती असे बांगडे घेऊन आले. आईला बांगडा जीव की प्राण. सुनेनं तिरफळं घालून कालवण केलं. मी काटे काढून, भातात कुस्करून पहिला घास आईच्या तोंडात घातला. तिनं चावला, आणि थुंकून टाकला.

"हो बांगडो कालचो आसा," म्हणाली.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. कालचा? मी उन्हात उभी राहून आणलेला, मी, जिनं जन्मभर हेच केलं? लवंग हाताशी नव्हती आणि असती तरी कामाची नव्हती. "कालचो?" मी ओरडले. "कालचो बांगडो? आये, तोंड फुटला काय तुजा? सकाळी माज्यासमोर उडत होतो तो! दर्यात जावन तूच आणलं असतंस तर कळला असता ताजो नि शिळो!"

आईचे डोळे एकदम लखलखले. तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "इलंस गो?" ती म्हणाली. "खंय मेल्लंस इतके दिवस? मी हंयसर वाट बघून मरतंय, नि तू?"

"हंयच होतंय! खंय जातलंय?"

"मगे आवाज कसो येवक नाय तुजो? दुसऱ्या बायेर टाकलंस माका! ती बिचारी माजा हागणामुतणा काडता, तुका लाज नाय?"

ती भांडत होती. माझी आई माझ्याशी भांडत होती! शिव्या घालत होती मला, आणि मला त्या शिव्यांहून गोड दुसरं काही नको होतं. मला रडू फुटलं. मी तिच्या हातावर डोकं टेकलं आणि म्हटलं, "आये, चुकला माजा. आता खंय जावचंय नाय गो तुका सोडून..."

आवाज मऊ पडला. पडणारच होता. माझ्या डोक्याखालचा तिचा हात हळूच मागे गेला. मी वर बघितलं. ती अवघडून हसत होती.

"रडू नकात, बाय," ती म्हणाली. "तुमचा कोण गेला?"

मी वळले तर सून दारात. भिंतीला चिकटलेली, हातातलं भांडं छातीशी धरलेलं. माझा तो आवाज तिनंही ऐकला होता. इकडे आईला मी पुन्हा परकी झाले, तिकडे त्या पोरीचे हात परत थरथरत होते. आता या दोघींच्या मध्ये मी नक्की कोण होऊन उभं राहायला हवं होतं, ते मला आजही कोणी सांगितलेलं नाही.

पण त्या पोरीचं मन मोठं. संध्याकाळी तीच माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आई, तुम्ही आजींशी ओरडून बोला. मी टीचरकडे जाऊन बसत जाईन तेवढा वेळ." तिनं हे बोलायला किती धीर गोळा केला असेल! मी नको म्हटलं, पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती खरंच शिवणकाम उचलून टीचरकडे गेली.

मी खाटेशी उभी राहिले. ओरडायचं म्हटलं, पण कशावर? समोर एवढंसं झालेलं माणूस, डोक्यावर विरळ केस, सैल पडलेला हात. कोणाला राग येईल? मी घसा साफ केला आणि जमेल तसा आव आणला. "आये! तुजे पेडवे कालचे आसत! कोण घेतलो ते?"

आईनं मान वर केली. मग उशीला रेटा देऊन उठायला बघितलं, आणि बारीक, चिरकलेल्या आवाजात सुरू झाली. "माजे कालचे? येवा गो येवा, बघा, हात लावन बघा! हिच्याकडे घेव नकात!" रस्त्यावरून कोणी जात नव्हतं. तरी ती हात करून बोलवत होती. मीही दिलं तोंडाला तोंड. तिच्या गालांवर रंग चढला होता. कित्येक महिन्यांत ती इतकी खुशीत दिसली नव्हती, आणि माझ्याही मनात आशा आली की आता म्हणेल, आता म्हणेल, "इलंस गो?"

ती दमली. तोंड पुसायला पदर शोधला, मी तो हातात दिला. "बस आता," ती म्हणाली. "गिराईक गेला."

मग माझ्याकडे निरखून बघितलं. "बरा भांडतास हां तुमी, बाय," ती म्हणाली. "अगदी माज्या चेडवासारख्या."

तिला खोटं भांडण आणि खरं भांडण यातला फरक कळत होता. तिनंच तर तो मला शिकवला होता. त्यानंतर मी पुन्हा प्रयत्न केला नाही. खरा राग यायचा तर यायला हवा होता, आणि तो येईना. मी टीचरना म्हटलंसुद्धा, "तुमी माका लवंग धरूक शिकवलात. ती काडूची कशी ता नाय शिकवलात." त्या उठल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

आई खंगत गेली. बोलणंही कमी झालं. एका दुपारी मी तिला पाणी पाजत होते, सून पायथ्याशी बसून तळवे चोळत होती, तेव्हा आईनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"बाय, एक काम सांगू?"

"सांगा," मी म्हटलं. मीही तिला आता अहो-जाहो करू लागले होते. तिला त्यानं बरं वाटायचं.

"माजा चेडू येतला. मी गेलंय म्हणान कळला काय येतला. इली काय खूप आरडात. तुमी भियाव नकात. ती मनान वायट नाय."

"नाय भियाचंय."

"तिका आदी जेवूक घाला. रागावली काय उपाशी रवता ती, लहान असल्यापासून. मी जेव म्हणूक गेलंय तर आणखी भडाकता." ती थांबली, दम घेतला. "तुमी गोड बोलतास. तुमचा ऐकात ती. घालशात मां?"

मी होय म्हटलं. "घालतंय." सून तळवे चोळायची थांबली होती, मान खाली घालून बसली होती. आईनं समाधानानं डोळे मिटले आणि "देव तुमचा बरा करो" म्हणाली. तिचं माझ्याशी ते शेवटचं बोलणं.

दोन रात्री तशाच गेल्या आणि सकाळी, उजाडल्यावर, ती गेली. मला रडू आलं नाही. माणसं जमली, मुलगा धावपळ करू लागला, बाजारातल्या बायका पाट्या तशाच टाकून आल्या. मी तिच्या उशाशी बसले होते. कोणीतरी तिच्या अंगावरची चादर नीट केली आणि म्हणालं, "सुटली बिचारी. लेकीन सेवा केली हां शेवटाक."

आणि मग आला. इतके महिने हाक मारून न आलेला राग आता आला. "आये!" मी ओरडले. "उठ! उठ म्हणतंय ना! माका बाय म्हणान गेलंस? मी कोण ता न बघता गेलंस? तुजे डोळे फुटले होते काय गो?" तोच आवाज. जेटीपर्यंत जाणारा. आळीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. बाजारातल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं, त्यांना तो ओळखीचा होता. मी तिच्या खांद्याला धरून हलवलं, आणखी काय काय बोलले ते आठवत नाही. फक्त जिनं ओळखायचं होतं ती गप्प पडून होती. मला धरून मागे ओढलं ते दोन हातांनी, आणि ते हात माझ्या सुनेचे होते. थरथरत होते, पण त्यांनी मला सोडलं नाही.

तिला नेलं. अंगण झाडून झालं, माणसं गेली. घरात चूल पेटवायची नव्हती, म्हणून टीचरनी पेज आणि लोणचं पाठवलं होतं. मुलगा खाऊन आडवा झाला. सुनेनं मला वाडगा आणून दिला. मी नको म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं, तर मी खेकसले तिच्यावर, "नको सांगलंय मां!" ती दचकली, पण आत गेली नाही. वाडगा माझ्यापुढे ठेवून समोर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. तळवे चोळताना आईचं ते शेवटचं सांगणं तिनंही ऐकलं होतं.

मी वाडग्याकडे बघत बसले. रागानं उपाशी बसलेली ती तापट लेक मीच होते, आणि तिला जेवायला घालायचं कबूल केलेली बायही मीच होते. आईनं तिला माझ्या हवाली केलं होतं. जिला ती ओळखत नव्हती तिच्या हवाली, जिची वाट बघत गेली तिला.

"जेव गो आता," मी म्हटलं. हळू, मला येतं तसं.

सुनेला वाटलं, मी तिला म्हणते आहे. असू दे. ओरडून झाल्यावर सवयीनं मी लवंग धरली होती, ती तोंडातच होती. ती काढून वाडग्याच्या कडेला ठेवली आणि पेज प्यायला लागले. निवून गेली होती.